मास्तरांनी वेळेवर शिवलेला एक कपडा

मास्तरांचं शिवणकाम चोख, पण त्यांच्या शब्दावर विसंबून कुणी लग्नाची तारीख काढली नसती. चाळीस वर्षं दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी "झालंच, हुक तेवढे राहिलेत" असं सांगून परत पाठवलं. त्यात घरच्यांचे हाल जरा जास्तच. पोटच्या मुलीच्या लग्नात बाई, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, जुन्याच ब्लाउजवर मिरवल्या, कारण नवा मशीनखाली अर्धवट पडून होता.

पुढे ती मुलगी परदेशात नोकरीला लागली. बाईंच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा ऑपरेशन इकडेच करू म्हणून तिने दोघांना बोलावून घेतलं. ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मुलीकरवी बजावलं, आजपासून चालायचं. दिवसातून चार वेळा, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, तो काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि बाईंचं हृदय ती सोसेलच असं नाही.

बाई चालेनात. मुलीला म्हणाल्या, टाके दुखतात. नर्सला खुणेनं सांगितलं, चक्कर येते. व्यायाम करून घ्यायला एक उंच गृहस्थ आले, त्यांना पाहताच बाईंनी डोळे मिटले आणि ते जाईपर्यंत चक्क घोरल्या.

मास्तर उशाशी बसून होते. बाईंच्या अंगातल्या हॉस्पिटलच्या गाऊनवर त्यांचं बारीक लक्ष होतं. टाके लांब आहेत, गळा वाकडा कापलाय, दुमड नीट घातलेली नाही, असा पाढा ते रोज वाचत. गाऊनची पाठ वरपासून खालपर्यंत उघडी आहे आणि सगळा कारभार दोन बंदांवर चाललाय, हेही त्यांना दिसलं होतं. पण दिसलेलं डोक्यात शिरायला मास्तरांना वेळ लागायचा.

चौथ्या दिवशी बाईंच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरीणबाई दाराबाहेर मुलीशी हळू आवाजात बोलल्या. मुलगी आत आली ती डोळे पुसतच.

"उद्या दुपारपर्यंत वाट बघणार म्हणतायत. मग आत नेतील."

जन्मभर गिऱ्हाइकांना उद्याचे वायदे केलेल्या माणसाला उद्या म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

"अगं, का जीव खातेस आमचा?" ते बाईंना म्हणाले. "चार पावलं चाल ना."

"हे असं घालून?" बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तुम्ही आयुष्यभर लोकांची अंगं झाकलीत. आणि मी मागून उघडी फिरू, परक्या माणसांसमोर?"

मुलीने वरून दुसरा गाऊन उलटा चढवून पाहिला, पण ऑपरेशननंतर छातीत बसवलेली नळी दबू लागली. तेव्हा मास्तर उठले. कॉलरच्या आत सुई होतीच, विमानातूनही ती तशीच आली होती. मुलीने मोठ्या नर्सची परवानगी काढली; दोन गाऊन, कात्री आणि दोरा मिळवला.

"माप घ्या ना, बाबा."

"तुझ्या आईचं? डोळे मिटून शिवीन."

मागे एकावर एक पदर येईल असं कापड जोडलं, नळीसाठी बाजूला फट ठेवली, आणि दीड तासात मास्तरांनी काम हातावेगळं केलं. असं त्यांच्या दुकानात कधी घडलं नव्हतं.

गाऊन अंगात चढवला तो बाईंच्या खांद्यांवरून घसरत कोपरांपर्यंत आला. बाईंनी खाली पाहिलं.

"ही कुणाची ऑर्डर?"

मास्तरांनी आपल्या डोळ्यांतल्या मापावर शिवलं होतं, आणि ते माप मुलीच्या लग्नातल्या बाईंचं होतं. त्यांनी खिशातून टेप काढली. छाती सहा इंचांनी कमी. कंबर आठ. टेपच चुकली असावी तशी त्यांनी ती पुन्हा लावून पाहिली. मग त्यांना रडू आलं, आणि ते काही त्यांना लपवता आलं नाही.

"रडताय काय," बाई म्हणाल्या. "आवळा ते."

मास्तरांनी आवळलं. बाईंनी पाठीमागे हात नेऊन चाचपलं, खात्री पटेना म्हणून मुलीला बघायला लावलं, आणि तिच्या आधाराने दाराबाहेर पाऊल टाकलं. सलाइनचा स्टँड ढकलत मास्तर मागून चालले. टोकापर्यंत जाऊन यायला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत बाई दोनदा थांबून खोकल्या, कफ सुटला. संध्याकाळी पुन्हा चालल्या, सकाळी पुन्हा. दुपारी डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, आणि आत न्यायचं रद्द केलं.

गाऊन धुवायला काढताना मुलीने तो उलटा केला. दोन्ही बाजूंना कापडाची जाड घडी तशीच आत होती, कच्च्या टाक्यांनी धरलेली.

"बाबा, एवढं कापड आत कशाला ठेवलंत? आईला रुतत असेल. कापून टाकायचं ना."

"कापून कसं चालेल?" मास्तर म्हणाले. "तिचं अंग भरलं की उसवावं लागेल."