बाईंचं शून्य

"कावळा धरलास का?"

रविवारी सकाळी आमच्या बाईंचा हा पहिला प्रश्न. पक्षी बघायला निघालेली माणसं गरुडाची वगैरे चौकशी करतात. बाईंना मोजणीत आधी कावळा लागायचा. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. पुढे पन्नाशीत माझं पोट सुटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि करंजाड्याच्या भाजीबाजारात बाईंनी मला पुन्हा पकडलं. "चालायचंच आहे तर डोळे उघडे ठेवून चाल," म्हणाल्या. तेव्हापासून स्कूटर माझी, दुर्बीण त्यांची आणि ओरडा फुकट.

जागा ठरलेली. गव्हाणजवळ खाडीकाठचं पाणथळ. तिथं शेकाटे यायचे. शेकाट्या तुम्हीही पाहिला असेल. लांब गुलाबी पायांचा. लग्नाला निघालेला माणूस चिखलात सापडावा तसा जपून चालतो. त्यांच्याकडे बघून बाई हसायच्या. वर्गातल्या एकाही पोराकडे बघून त्या तशा हसल्याचं मला आठवत नाही.

मग मातीचे डंपर सुरू झाले. पाणी आकसलं, शेकाटे कमी झाले आणि एका हिवाळ्यात आलेच नाहीत. मोठ्या लेन्सवाले आमचे मित्रही दुसऱ्या तळ्यांकडे पांगले. बाई मात्र दर रविवारी तिथंच. भरावाकडे दुर्बीण लावून बसायच्या आणि निघताना मला मोबाइलवरच्या पक्षीगणनेच्या ॲपवर नोंद करायला लावायच्या : शेकाट्या, शून्य.

एकदा वाटेनं जाणारी एक कोळीण थांबली. "बाय, काय बगतंस? आमी रोज जातो हितनं. काय नाय तितं."

"तेच लिहितेय, काही नाही म्हणून."

कोळणीने माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

मीही कुरकुरलो. "बाई, शून्य लिहायला एवढं पेट्रोल?"

"गाढवा, पक्ष्यांबरोबर बघणारेही गेले, तर कमी कोण झालं, पक्षी की बघणारे, हे कळायचं कसं? उद्या कोणीतरी म्हणेल, इथं पक्षी नव्हतेच कधी." पेट्रोलचा विषय मी परत काढला नाही.

एका रविवारी एक लेन्सवाले गृहस्थ आमच्याबरोबर आले. बाईंचा उतरलेला चेहरा बघून त्यांना पाझर फुटला.

"दोन शेकाटे होते हो मघाशी, पलीकडे. लिहून टाका."

"फोटो?"

"कॅमेरा... बंद होता."

बाई उसळल्या. "दया माझ्यावर करा, आकड्यावर नको! तुमचे हे दोन कोणी खरे धरले, तर म्हणतील सगळं छान चाललंय."

त्या गृहस्थांनी पुढे बाईंसमोर स्वतःचं वजनसुद्धा कमी करून सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा खिडकीकडे बघत होत्या. "कबुतरं फार वाढलीत रे," एवढंच म्हणाल्या. माझ्या तब्येतीची चौकशी नाही, स्वतःच्या तापाचं तर नावही नाही.

थंडी पडल्यावर मी एकटाच गव्हाणला गेलो. भरावावर आता गवत उगवलंय. टिटवी ओरडत होती, ती लिहिली. दिव्याच्या खांबावर कावळा होता, तो न विसरता धरला. शेकाट्या, शून्य. शेवटी मोबाइलनं नेहमीप्रमाणे विचारलं, निरीक्षक किती? बोटानं सवयीनं दोन दाबलं.

तसंच पाठवून द्यावं असं फार वाटलं. कोण तपासणार होतं? पण बाईंना दयेचा आकडा चालायचा नाही. दोन खोडलं, एक लिहिलं, आणि त्या भरावावर बसून पोटभर रडलो.

बघायला फक्त कावळा होता. त्याला मी आधीच धरलं होतं.