गवाहअण्णांची खरी साक्ष

गवाहअण्णांइतकं सुरेख खोटं बोलणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्यांचं मूळ नाव त्यांना तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. तामलवाडीहून पोट भरायला धाराशिवात आलेले आणि कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली बसून, ज्याला हवी त्याच्या बाजूनं साक्ष देऊन जगणारे. निजामाच्या अमदानीत उर्दूत साक्ष द्यायचे, विलीनीकरणानंतर मराठीत द्यायला लागले. "राज बदललं साहेब, आपलं काम हाय तेच हाय," म्हणायचे. मी तेव्हा हैदराबादहून वकिली शिकून नुकताच आलो होतो आणि अशील मिळेपर्यंत त्याच झाडाखाली माशा मारत बसलो होतो. आमची गट्टी जमायला कितीसा वेळ लागणार?

प्रत्येक साक्षीत अण्णांची शेळी हरवलेली असायची. मारामारी असो, चोरी असो की बांधाचं भांडण, अण्णा तिथं का होते? तर शेळी शोधत. जन्मात त्यांच्या दारात शेळी बांधलेली कुणी पाहिली नव्हती. एकदा एका मॅजिस्ट्रेटनं हसत विचारलं, "काय अण्णा, सापडली का शेळी?" अण्णा हात जोडून म्हणाले, "न्हाय सरकार, अजून हिंडतोच हाय." कोर्टभर हशा पिकला आणि साक्ष मात्र मान्य झाली. आता बोला!

पिंजऱ्यात चढण्याआधी ते गळ्यातली कवड्यांची माळ काढून चहावाल्याकडे ठेवायचे. तुळजापूरच्या आईची माळ ती. "माळ गळ्यात नसली की आईला ऐकू जात न्हाय," हा त्यांचा हिशेब. मी म्हणायचो, "अण्णा, आई काय बहिरी आहे?" तर डोळे मिचकावून म्हणायचे, "बहिरी न्हाय, पन तिला तरी कामून तरास द्यायचा?"

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "म्या कधी खरं बोलत न्हाय, एवढं मात्र खरं." मला त्याची भारी गंमत वाटायची. आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गात असंच एक कोडं घातलं होतं: एक माणूस म्हणतो, मी आत्ता खोटं बोलतोय. ते खरं धरावं तर तो खोटं बोलतोय, आणि खोटं धरावं तर तो खरं बोलतोय. मी ते अण्णांना मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय? असल्या माणसाला साक्षीला बोलवू नये." कोर्टाच्या कुंपणाच्या भिंतीवर तेव्हा नवीन मराठीत रंगवलं होतं, 'या भिंतीवर काहीही लिहू नये.' त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी ह्या भिंतीवर खटला भरा."

असे आमचे दिवस हसण्यात जात होते. मग भूम तालुक्यातल्या ईट गावचा खटला आला.

ईटला रात्री कडब्याची गंज पेटली आणि आत झोपलेला राखणदार जळून मेला. गंजीच्या मालकाचं गणपत नावाच्या शेजाऱ्याशी जुनं वैर होतं, त्यामुळे गणपतला धरलं. मालकाच्या माणसांनी अण्णांना गाठलं. अण्णा त्या रात्री ईटला तर नव्हतेच, भूम तालुकाही त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण माळ चहावाल्याकडे ठेवून ते पिंजऱ्यात चढले. ईटला पाहुण्यांकडे गेलो होतो, त्यांची शेळी हरवली होती, ती शोधताना हा माणूस हातात पेटता बोळा घेऊन पळताना दिसला! गणपतला जन्मठेप झाली.

आठवड्यानं गणपतची म्हातारी आई झाडाखाली आली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार, तळतळाट करणार. तिनं अण्णांच्या पायाशी भाकरीचं गठुडं ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमी लई चांगलं बोलता म्हणं. कोर्ट ऐकतं तुमचं. एकडाव माझ्या लेकाच्या बाजूनं बी बोला की." बाईच्या बोलण्यात राग नव्हता हो! अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. ते गठुडं त्यांनी ना उघडलं, ना परत दिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, अर्ज लिवा. म्या खोटं बोललो."

मी त्यांना पोटतिडकीनं समजावलं, की अण्णा, यात तुम्हीच अडकाल आणि तो सुटणार नाही. ऐकतील तर शपथ! शेवटी गणपतच्या अपिलात मी अर्ज केला आणि वरच्या कोर्टानं अण्णांची साक्ष इथंच पुन्हा घ्यायला सांगितलं. त्या दिवशी अण्णांनी माळ काढली नाही. उलट सदऱ्याबाहेर ओढून छातीवर घेतली.

सरकारी वकील उठले. "आजवर शपथेवर किती वेळा खोटं बोललात?"

"समद्या वेळा."

"म्हणजे शपथ घेतली की तुम्ही नेहमी खोटंच बोलता?"

"व्हय, सरकार."

"आणि आत्ता शपथ घेतलीय ना?"

लोक हसले. मीच ज्यावर झाडाखाली बसून हसत होतो तेच ते कोडं, आणि आता त्यात एका माणसाचा जन्म अडकला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ह्या खेपेला खरं हाय, सरकार. म्या तिथं नव्हतोच. शेळी बी नव्हती." लोक आणखी हसले. सुरेख खोटं बोलणाऱ्या त्या माणसाला खरं बोलायची सवयच नव्हती. चाचरत होते, घाम पुसत होते, शब्द गिळत होते. मला भर कोर्टात रडू येत होतं.

अपील फेटाळलं. कबुलीनंच जो लबाड ठरतो, त्याच्या कबुलीवर विसंबता येत नाही, असा निकाल आला. आणि वर अण्णांवर खोट्या साक्षीचा खटला! त्यांच्या दोन साक्षी एकमेकींच्या उलट्या, म्हणजे एक खोटी असणारच. कोणती ते सिद्ध करायची कायद्याला गरज नाही. अण्णा ओरडून सांगत होते, "पहिली खोटी, पहिली!" ती खोटी ठरती तर गणपत सुटता. पण कोर्टानं ते ठरवलंच नाही. दोन्हींपैकी कुठलीतरी एक खोटी म्हणून अण्णांना सजा झाली, आणि त्याच पहिल्या साक्षीवर गणपत आत राहिला. मी वकिली सोडली नाही, पोट होतं. पण कायद्यावरचा माझा जीव त्या दिवशी उडाला तो उडालाच.

त्यांना गणपतच्याच तुरुंगात धाडलं होतं. पावसाळा सरता सरता मी भेटायला गेलो. अण्णा निम्मे झाले होते. जाळीपलीकडून हसायचा प्रयत्न करत होते. त्यानंतर ते फार दिवस काढणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि तसंच झालं; होळीच्या आधी ते गेले.

मी विचारलं, "गणपत भेटला का?"

"भेटला. त्याचे पाय धरले. म्हनलं, लेकरा, तू काय बी केलं न्हाईस. म्या खोटं बोललो तुझ्यावर. समद्या जगानं न्हाय मानलं तरी तू तरी मान."

"मग?"

अण्णा जाळीला धरून जवळ सरकले.

"त्यानं पाय काढून घेतले. इकडं तिकडं बघितलं, आन् हळूच इचारलं, 'ह्या खेपेला कुणी धाडलं तुमाला?'"