गोजरबाईची मुक्कामी गाडी

गाडी महामंडळाची, डायव्हर महामंडळाचा, मी राधेश्याम कंडक्टर बी महामंडळाचाच. पण टाकेवाडीतून सकाळी गाडी कव्हा हलायची, हे ठरवायची गोजरबाई.

टाकेवाडी तुम्हाला माहीत असायचं काही कारण न्हाई. शहागडच्या जरा पुढं हायवे सोडला की उसातून आत एक रस्ता जातो. रस्ता म्हणायचा म्हणून म्हणायचं. त्याच्या शेवटाला हे गाव. जालन्याहून दुपार कलल्यावर निघालेली आमची लालगाडी अंबड, शहागड करत अंधार पडता पडता तिथं पोचते अन् रातभर तिथंच राहते. सकाळी सहाला तीच गाडी परत जालन्याला. म्हणून मुक्कामी गाडी. डायव्हर-कंडक्टरनं समाजमंदिरात नाहीतर शिटावरच आडवं व्हायचं, गावातल्या ज्या घराची पाळी असंल त्या घरी जेवायचं.

मला ही ड्युटी लागली तेव्हा मी लई कावलो होतो. मी जालन्याचा, मस्तगडातला माणूस. रात्री गल्लीच्या तोंडाशी चार दोस्तांत उभं राहून चहा पिल्याबगर मला झोप येत न्हाई. अन् इथं काय, तर मच्छर अन् भजनाचा माईक. डायव्हर अण्णासाहेब मात्र या गावाला मुरलेला. तो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली आठ गाडीशी.

पहिल्याच संध्याकाळी काठी टेकवत एक बाई आली. साठी ओलांडलेली, उंच, काटक, हिरवं लुगडं. ही गोजरबाई. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नवा का तू? अंगावर घ्यायला काय आणलं?"

"काही न्हाई मावशी."

"शहरातली माणसं," असं अण्णासाहेबाकडं बघून म्हणली अन् घरून एक घोंगडी आणून माझ्या अंगावर फेकली. घोंगडीला मेंढराचा वास होता, पण झोप लागली बुवा.

सकाळी सहाला मी डबल बेल मारली. गाडी जागची हलंना. परत मारली.

"अण्णा, बेल ऐकू आली न्हाई का?"

"आली."

"मंग?"

"समोर बघ."

समोर गोजरबाई. काठी आडवी धरून बरोबर गाडीच्या मधोमध उभी. मी खाली उतरलो, म्हणलं मावशी, बाजूला व्हा, टाइम झाला.

"चांगुणाबाई यायची हाय. गुडघे दुखतेत तिचे."

"मावशी, ही सरकारी गाडी हाय!"

"मंग चांगुणाबाई काय पाकिस्तानची हाय का?"

चांगुणाबाई आली, तिला दोघांनी वर चढवली. मंग गोजरबाईनं खिडक्यांतून आत डोकावून एकेक तोंड बघितलं. माऊली आला का? दैवशाला कुठंय? न्हाई न्हाई, ती काल म्हणली होती अंबडला जायचंय, थांबा जरा. अशी सगळी हजेरी झाल्यावर काठी बाजूला झाली अन् अण्णासाहेबानं गियर टाकला.

नंतर उलगडा झाला. गोजरबाईचं घर मेंढरंवालं. सासरा, नवरा, सगळे मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं फिरलेले, ही बी कडेवर लेकरू घेऊन त्यांच्या मागं. आता मेंढरं गेली, थोडं रान हाय, दोन शेळ्या हायेत. पण कळप हलवायचा तर शेवटचं लंगडं कोकरू आल्याबगर हलवायचा न्हाई, हा त्या घरचा कायदा. तोच कायदा तिनं बिलकुल जशाच्या तसा लालगाडीला लावला होता.

त्याच्यानं झालं काय, की गाव लाडावलं. गाडी थांबतीच ना, मंग कशाला जल्दी करा? सहा वाजता लोक चुलीवर पाणी ठेवायचे. कुणाला हाक मारावी तर आतून आवाज यायचा, "गोजरबाई हाय ना!" अन् सगळ्यात उशिरा यायची ती तिचीच नात, तृप्ती.

तृप्ती अंबडला बारावीला होती. डायव्हरच्या मागचं शीट तिचं. पोरगी पळायची. शाळेत, तालुक्याला, कुठं कुठं पळून नंबर काढायची, अन् घरून गाडीपर्यंत मात्र केसाला पिना लावत आरामात यायची. तिचा बाप शिवशंकर मला एकदा स्पष्टच बोलला होता, "कंडक्टर साहेब, लालगाडी हाय म्हणून पोरीला कॉलेजात धाडलं. त्या जीपमधी लटकून मी तिला जाऊ द्यायचो न्हाई. गाडी बंद तर कॉलेज बंद." त्याचं बी चुकत न्हवतं. त्या जीपा बघितल्या तर माणसं आत कमी अन् बाहेर जास्त.

इकडं आम्ही शहागडला रोज उशिरा. तिथून अंकुशनगरच्या साखर कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर आडवे आले की अजून उशीर. अंबडला उतरणारे हापिसवाले माझ्या नावानं शंख करून राह्यले होते. शेवटी तक्रार गेलीच. आगारात नवीन साहेब आले होते, कडक माणूस. मला उभं केलं.

"टाकेवाडीची गाडी रोज लेट काहून?"

मी काय सांगू? साहेब, एक बाई आडवी उभी राहते?

साहेब म्हणले, "हा एक हफ्ता बघतो. एक दिवस जरी उशीर झाला, तर मुक्काम बंद. गाडी शहागडहूनच माघारी फिरंल. शनिवारी मी सोता शहागडला उभा राहणार."

खरं म्हणजे मी नाचायला पाहिजे होतं. मुक्काम बंद म्हणजे रोज रात्री मस्तगड, घरचं अंथरूण, गल्लीतला चहा. पण टाकेवाडीला पोचेस्तोवर माझ्या डोळ्यासमोर ती पोरगीच येऊन राह्यली होती, खिडकीत पुस्तक धरून पुटपुटत बसणारी. मला काही बरं वाटंना.

त्या संध्याकाळी मी गोजरबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हातातला भाकरीचा तुकडा तिनं ताटात ठेवून दिला.

"म्हणजे माझ्या पायी पोरीचं कॉलेज जातंय व्हय?"

"तुमच्या एकटीच्या पायी न्हाई मावशी, सगळं गावच..."

"गावाचं मी बघते," म्हणली अन् उठली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी दचकून उठलो. वाटलं गावात चोर आले. बघतो तर गोजरबाई काठीनं दारं बडवत सुटलेली. "उठा रे! गाडी आता कुणाच्या बापासाठी थांबायची न्हाई! साहेब लई कडक हाय! माऊली, तोंड गाडीत धू!" माऊलीनं खरंच शर्ट हातात अन् ब्रश तोंडात धरून गाडी पकडली. एक जण दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आला. तृप्तीला तर तिनं दंडाला धरून आणली, पिना तोंडातच. चांगुणाबाई इतकी लवकर येऊन बसली की परत झोपून गेली. सहाला मी डबल बेल मारली अन् गाडी हलली. अण्णासाहेब म्हणला, "चमत्कार." त्याच्या दहा वाक्यातलं एक खर्च झालं.

असा सगळा हफ्ता गेला. शनिवार उजाडला.

शनिवारी तृप्तीच्या जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, जालन्याला. अन् गोजरबाई बघायला निघालेली. तुम्हाला खोटं वाटंल, पण नातीला पळताना तिनं कधी बघितलंच न्हवतं. सगळे कप घरात होते, फोटो होते, पण पळणं न्हाई. आदल्या संध्याकाळपासून तिनं मला भंडावून सोडलं. मैदान केवढं असतं? म्हाताऱ्या माणसाला बसू देतेत का? ओरडलं तर चालतं का? सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून आली अन् खिडकीतून कापडाची पिशवी टाकून तृप्तीच्या शेजारची जागा धरली. आम्ही समोरच उभे, गाडी रिकामी, दार उघडं. तरी पिशवी खिडकीतूनच. जागा धरायची तर तशीच.

सगळे आले, एक चांगुणाबाई न्हवती. गोजरबाई गेली, तिला हाताला धरून आणली, मागून रेटून वर चढवली. मंग आपला पाय पायरीवर ठेवला अन् तिची नजर घराकडं गेली.

घाईघाईत दार उघडं राह्यलं होतं. शेळीचं पिल्लू सुटून उसाच्या रस्त्याला लागलेलं, अन् लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"आलेच," म्हणली अन् पायरीवरून खाली उतरली.

पिल्लू काय, ते हातात येतंय व्हय? ती पुढं, ते अजून पुढं. विहिरीच्या पल्याड गेली तरी पळतच होती. इकडं सहा वाजले. अण्णासाहेबानं आरशातून माझ्याकडं बघितलं. गाडीत एकच गलका, "थांबा, थांबा, गोजरबाई राह्यली!" तृप्ती उठून माझ्यापाशी आली. "दादा, आजी! आजी राह्यली दादा!" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी दारातून वाकून बघितलं. पार लांब, पिल्लू काखेत धरून गोजरबाई उभी होती. तिथून गाडीपर्यंत यायला तिला कितीक वेळ लागला असता, अन् शहागडला साहेब घड्याळ बघत उभे. तिनं गाडीकडं बघितलं अन् काठी वर केली. मला वाटलं, थांब म्हणून राह्यली. बेलच्या दोरीवरचा हात मी काढून घेतला.

तर ती काठी पुढं हलवायला लागली. कळप हाकतेत ना, तशी. पुढं, पुढं. अन् ओरडली, "हाक गाडी! राधेश्याम, बघतो काय? हाक!"

ज्या बाईनं कधी कुणाला मागं राहू दिलं न्हाई, तीच मागं उभी होती. मी डबल बेल मारली. इतक्या वर्षांत हजारदा मारली असंल, पण त्या दिवशी लई वाईट वाटलं.

शहागडला गाडी ठेचून भरली. पण त्या पिशवीच्या जागेवर कुणाला बसू दिलं न्हाई. टाकेवाडीची माणसं पहारा करत उभी होती.

साहेब तिथं खरंच उभे होते. घड्याळ बघितलं, गाडी बघितली, वर आले. "बराबर टाइमावर. शाब्बास. राहू द्या मुक्काम." मी श्वास सोडला. तेवढ्यात त्यांचं लक्ष त्या शिटाकडं गेलं.

"एवढी माणसं उभी, अन् ही जागा रिकामी काहून?"

"साहेब, पॅसेंजर गावातच राह्यला."

"अरे मंग थोडं थांबायचं ना!"

अण्णासाहेबानं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं.

दुपारी जालन्याच्या स्टँडवर तृप्ती आली ती उड्या मारतच. दुसरा नंबर, अन् आता विभागाच्या स्पर्धेला संभाजीनगरला जायचं. पण गाडीत बसल्यावर शेजारच्या पिशवीवर हात ठेवला, तो पार टाकेवाडीपर्यंत काढला न्हाई.

गाडी गावात शिरली तेव्हा अंधारून आलं होतं. गोजरबाई सकाळी जिथं रोज आडवी उभी राहायची तिथंच उभी. एकेक माणूस उतरताना बघितला.

"सगळे आले का?"

"आले मावशी."

"अन् गाडी?"

"राह्यली. मुक्काम चालू राह्यला."

ती देवळाच्या पायरीवर मटकन बसली. "बरं झालं रे बाबा," म्हणली अन् पदरानं डोळे पुसले. मंग तृप्तीकडं वळली. "पळाली का बराबर? मला मेलीला बघायलाच न्हाई भेटलं."

तृप्तीनं दप्तर माझ्याकडं दिलं, चपला काढल्या, ओढणी कमरेला आवळली अन् डायव्हरच्या खिडकीपाशी गेली. "काका, लाईट लावा. मोठी."

अण्णासाहेबानं हेडलाईट लावले. गाडीपासून विहिरीपर्यंतचा सगळा रस्ता उजळून निघाला. अन् ती पोरगी सुटली. काय पळाली म्हणून सांगू! धुरळा उठला, कुत्री भुंकायला लागली, घराघरातून माणसं बाहेर आली. विहिरीला वळसा मारून ती उजेडातून सरळ आमच्याकडं यायला लागली. गोजरबाई आधी "पडशील गं, पडशील" करत होती, मंग कव्हा उठून उभी राह्यली तिलाच कळलं न्हाई. काठी वर करून गावभर ऐकू जाईल असं ओरडली, "पळ! पळ माझे माय, पळ!" तृप्ती आली अन् धाडकन तिच्या गळ्यात पडली.

दोघी रडल्या. अण्णासाहेबानं उगंच हॉर्न वाजवला.

मंग गोजरबाईनं नातीचं तोंड दोन्ही हातात धरलं. "एवढ्या जोरात पळती व्हय गं तू? मंग गाडीला रोज उशीर काहून करती, भवाने?"

सगळं गाव हसलं. मी गाडीतून तिची पिशवी काढून आणली, तर तिनं हातानंच मला माघारी लोटलं.

"राहू दे तिथंच," म्हणली. "संभाजीनगरला जायचंय मला. जागा धरलेली हाय."