आईचा सव्वा महिना

आईचं अंग बाहेर यायचं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर लागलेलं हे दुखणं तिने वर्षानुवर्षं कोणाला कळू न देता काढलं. शिंक आली तरी पातळ ओलं व्हायचं. चारचौघींत हसणंच तिने सोडून दिलं होतं. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या चाळीत असलं दुखणं बोलून दाखवायची सोय नव्हती.

शेवटी खाली सरकलेल्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "टाके आतून आहेत. तीन महिने हंडा उचलायचा नाही."

देखभालीला गावाहून आत्या आली. मायाळू, पण महाहेकट! बाई इस्पितळातून घरी आली आणि टाके खाली, म्हणजे तिच्या लेखी ते बाळंतपणच. तिने शेक दिला, धुरी दिली, बाळंतशोपा चारल्या. आईला जन्मात कोणी एवढं जपलं नव्हतं. एकदा आत्याने शेजारणीची नक्कल केली, तेव्हा आई पोट धरून हसली आणि लगेच तिने पातळ चाचपून बघितलं. मग मला जवळ ओढून कानात म्हणाली, "अगं, काहीच झालं नाही!" मला रडू फुटलं.

सव्वा महिना भरला तशी आत्याने आईला न्हाऊ घातलं, ओटी भरली आणि हंडा पुढे ठेवला.

"सव्वो म्हयनो झालो. बाळंतीण पण उठता."

"आत्या, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलंय," मी ओरडलेच.

"डाक्तरांका काय कळता?"

आईने मलाच डोळ्यांनी दटावलं. एवढं करणाऱ्या वन्संना नाही कसं म्हणायचं! ती नळावर गेली आणि मग रोजच जाऊ लागली. आत्या समाधानाने गावी परतली.

दिवाळीच्या आधी आई मोरीतून बाहेर आली, ती भिंतीला धरून. अंग पुन्हा खाली आलं होतं. आत्याचा मला असा संताप आला की काय सांगू.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "कोणी सांगितलं होतं हंडा उचलायला?"

"मीच उचलला," आई म्हणाली. "घरात कोणी नव्हतं."

पुन्हा ऑपरेशन करता येईल, असं त्या म्हणाल्या. आईने मान हलवून नकार दिला. बसस्टॉपवर मी तिच्यावर भडकले, तेव्हा खाली बघत म्हणाली, "पुन्हा वन्सं येतील गं. पुन्हा तेवढ्याच मायेने करतील. आणि मला पुन्हा नाही म्हणता येणार नाही."