नकाशात नसलेला खड्डा

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि हसते. पिंडच तसा माझा. माहेरी एका बाभळीखाली चुडैल बसते म्हणायचे, तर मी तिच्याच सावलीत खाट टाकून झोपायची. तेव्हा आज मीच हे लिहायला बसले, याचं मलाही नवल वाटतंय... पण त्या कोपऱ्यातल्या घरात काय होतं, ते मला अजून कोणाला पटवून देता आलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. आमचे 'हे' छोटे ठेकेदार. गरिबांसाठी घरं बांधणाऱ्याला सरकार स्वस्तात जमीन आणि खर्चाचा काही भाग देणार, अशी योजना निघाली. ह्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. अट एकच – बांधकाम मंजूर नकाशाबरहुकूम हवं. इंजिनिअर साहेबांनी घरं पास केली की मग शेवटचा हप्ता. पास झाली नाहीत तर आमचा धंदा बुडाला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात ह्यांना घास गोड लागत नव्हता.

शहराच्या पूर्वेला, रेल्वे लाइनपलीकडच्या माळावर ही घरं. राहायला येणार होती कोष्टी, म्हणजे विणकरांची कुटुंबं, कारण त्यांच्या जुन्या वस्तीतून रस्ता जाणार होता. नकाशा मात्र वरून आलेला, सगळ्यांना सारखा – खोली, स्वयंपाकघर आणि खाली सिमेंटचा गुळगुळीत कोबा. आता ह्या लोकांचा माग असतो खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. नकाशा काढणाऱ्याच्या हे गावीही नव्हतं. कोपऱ्यातलं घर ज्यांना मिळणार होतं ते म्हातारे बापू बघायला आले, तेव्हा ही गोष्ट निघाली.

“घर चांगलं हाय गा ठेकेदार,” बापू म्हणाले. “पण माग कुठं मांडाचा?”

“बापू, नकाशात खड्डा नाही. मी खणला तं सरकार हप्ता अडकवते.”

“मंग आमी इथं येऊन करू काय? नुसतं झोपाले घर पायजे काय आमाले?”

 बापू भांडले नाहीत, निघून गेले.

त्यानंतरच सुरू झालं ते. मी दुपारी ह्यांचा डबा घेऊन जायची. एकदा कोपऱ्यातल्या बंद घरातून आवाज आला – खटक्... खटक्... माग चालतो ना, अगदी तसा. ह्यांच्याकडून किल्ली आणून कुलूप उघडलं तर आत कोणी नाही. कोबा स्वच्छ, आवाज बंद. कुलूप लावून चार पावलं गेले, की पुन्हा खटक्. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं माझं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनीही ऐकलं.

“तो बापूच कोणाले तरी बसवून आपल्याले घाबरवून राहिला,” हे म्हणाले.

“अहो, कुलूप आपलं, किल्ली तुमच्या जानव्याला. बसवील कुठून?”

“मले काय माहीत? पण साहेबासमोर हे झालं तं संपलो आपण.”

आणि नेमकं साहेबासमोरच झालं. भर दुपारी साहेब एकेक घर बघत कोपऱ्यावर आले आणि आतून माग सुरू झाला. बापू आमच्याच बाजूला उभे होते, बाकीचे कोष्टीही समोर. ह्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली, कुलूप मी काढलं. आत कोणी नव्हतं. ह्या वेळी मात्र आवाज थांबला नाही. साहेब खाली वाकले, कोब्यावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. झालं, बुडालो, असंच मला वाटलं.

“कसला आवाज आहे हा?” त्यांनी विचारलं.

“मागाचा हाय, साहेब,” बापू म्हणाले.

“मग माग मांडायची जागा कुठे ठेवली आहे?”

ह्यांनी नकाशा पुढे केला. साहेब बाहेर आले, हौदावर तोंड धुतलं आणि ह्यांना म्हणाले, “प्रत्येक घरात खड्डा करून द्या. वर काय सांगायचं ते मी सांगतो. तुमचा हप्ता अडकणार नाही.” परत आत काही ते गेले नाहीत.

हप्ता मिळाला आणि आमचा धंदाही वाचला. इथेच संपलं असतं तर मीही भास म्हणून सोडून दिलं असतं.

पण खड्डे करायला घेतले तेव्हा पहिली पहार कोपऱ्यातल्या घरात पडली. कोबा फुटला आणि पहार अर्धी आत गेली. खाली पोकळ. जोत्यात मुरूम भरून धुमसाने ठोकून घट्ट केला तेव्हा मी स्वतः तिथे उभी होते, आणि त्याआधी त्या माळावर कोणाचं घर नव्हतं. तरी कोब्याखाली मागाचा खड्डा तयार होता. काठ बसून बसून झिजलेला. जमीन खचली असेल, असं हे शेवटपर्यंत म्हणत राहिले. खचलेल्या जमिनीला असा काठ कसा येतो, ते मला कोणी सांगितलं नाही.

बापू बसायला वाकले, काठावर हात टेकला आणि तसेच थांबले.

“गरम हाय वं बाई,” ते म्हणाले. “आत्ताच उठलं कोणी.”

मी हात लावून पाहिला. बाजूची सगळी माती थंडगार होती. तेवढीच जागा गरम होती.