फोडणीचा सौदा

बायकोचा थोरला भाऊ धुळ्याचा. आम्ही सगळे त्याला आबा म्हणायचो. दर हिवाळ्यात तो जळगावला येई आणि आम्ही गल्लीतली चार-पाच कुटुंबं मिळून मेटाडोर करून सातपुड्यात सहलीला जायचो. मेटाडोरचं भाडं पाडून घ्यायला मी, वांगी निवडायला मी. भरीत मात्र आबाच करणार. पळीला मला हात लावू द्यायचा नाही.

कारण जुनं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत फोडणी मी दिली होती. वारा सुटला, कपाशीच्या वाळक्या काड्या भडकल्या आणि लसूण काळा पडला. दोष वाऱ्याचा होता. पण आबा सगळ्यांसमोर म्हणाला, "पाव्हना भाव करी जाणस, भरीत नही." लोक हसले. धरणगावहून रिकाम्या हाताने येऊन मी जळगावात दुकान उभं केलं, तरी त्या गल्लीत माझी ओळख तेवढ्या एका वाक्याची राहिली.

एका वर्षी यावलच्या बाजारात मी वांगी घेतली. हिरवी, लांबट, हाताला हलकी. जड वांग्यात बिया फार असतात. विकणारी अक्का वैतागून म्हणाली, "भाऊ, वांगी घी ऱ्हायना का पोरगी पसंत करी ऱ्हायना?" मी तिच्याकडून मिरच्याही वर मागून घेतल्या.

पुढे केळीच्या बागा मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. धबधबा पाहायचा तर ओढ्याच्या पात्रातून दगडांवरून वर जावं लागे. मी चपला काढा म्हणालो. आबा कोणाचं ऐकणारा नव्हता. मध्यावरच्या शेवाळलेल्या दगडावर त्याने उडी घेतली. एक चप्पल पाण्याबरोबर गेली आणि तो दोन्ही हात पसरून तिथेच अडकला. पाणी गुडघाभर होतं, पण गार आणि ओढीचं.

"पाव्हना, हात द्या!"

मी जवळच्या दगडावर उभा होतो. हात पुढे केला आणि थोडा अलीकडेच थांबवला.

"आबा, आज फोडणी कोण देणार?"

"आठे पाय घसरी ऱ्हायना अन् तुमले फोडणी सुचस?"

"मला घाई नाही."

"बरं, मीठ तुम्ही टाका."

"मीठ नको. पळी."

"निम्मं निम्मं करू."

"तेल तापवण्यापासून पातेलं उतरवेपर्यंत, सगळं मी."

काठावरून बायको ओरडली, "अहो, माझा भाऊ पडतोय, आणि तुम्ही काय बाजारात उभे आहात?"

"घ्या, घ्या ती पळी!" आबा किंचाळला. मी त्याला ओढून घेतलं. धबधबा आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून पाहिला. अंगावर तुषार येत होते, आणि आबा एका पायात चप्पल घालून शिव्या देत होता. मला फार बरं वाटत होतं.

खाली येऊन काड्यांचा जाळ केला. वांगी भाजली, सोलली, लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर ठेचली. आबा चुलीपासून हातभर अंतरावर मांडी ठोकून बसला, माझा हात कुठे चुकतो ते पाहायला. मी वाऱ्याच्या बाजूला बायकोला पदर पसरून उभं केलं, तेलात लसूण टाकला, सोनेरी होताच दाणे, कांद्याची पात आणि वर वांगं.

केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. सगळे आबाकडे पाहू लागले. त्याने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग पान पुढे सरकवलं.

"वाढा."

मी वाढलं आणि थांबलो.

"आबा, कसं झालंय?"

तो चावत राहिला. शेवटी म्हणाला, "वांगी चांगली शेतस."

"वांगी पण मीच घेतली आहेत," मी म्हणालो.

सगळे हसले. या वेळी आबाला.