पत्ता नसलेली पत्रिका

भोपाळच्या आनंद नगरातल्या छापखान्यात मी मुलाच्या मुंजीच्या पत्रिका आणायला गेलो, तेव्हा एक वधूपिता मुलीला शेजारी बसवून तिच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. तपासत कसले, कापत होते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’वर लाल पेनाची काट बसली. मग कुलदेवता गेली, ‘अगत्याचे निमंत्रण’ही गेलं. दर वेळी ते चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे बघायचे, जणू आमच्या टाळ्या राहून गेल्यात.

“सगळा साचा आहे हो,” ते मला म्हणाले. “साच्यातून चकल्या पडतात, साहित्य नाही.”

मी माझ्या छापील चकल्यांचा गठ्ठा हळूच पिशवीत सरकवला.

साच्याच्या जागी त्यांची मुक्तछंदातली कविता आली होती. तिच्यात वधू बेतवा होती आणि वर वैनगंगा. या दोन नद्या नकाशावर कुठेच भेटत नाहीत, पण ते विचारायची माझी छाती झाली नाही. छापखानेवाल्याने कविता अदबीने वाचली आणि विचारलं, “साहब, तारीख और हॉल?”

“कवितेला पत्ता नसतो,” ते शांतपणे म्हणाले.

तळाशी मात्र त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव, पदवी आणि ‘निवृत्त उपअभियंता’ ठळक अक्षरांत शाबूत होतं. तिथे लाल पेन पोचलंच नव्हतं.

शेजारी बसलेल्या मुलीने प्रूफ स्वतःकडे ओढून घेतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “लोकांचं जाऊ द्या. मी कुठे यायचं, तेवढं मला सांगून ठेवा.”